तुटक्या गाण्याचा परीक्षक

चार मुलांच्या बँडला मी शून्य मार्क दिले. ज्या गोष्टीसाठी दिले ती त्यांनी बरोबर केली होती. चूक माझी होती.

एवढं लिहून थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण एक तर मला थांबता येत नाही, आणि दुसरं म्हणजे राग अजून गेलेला नाही. कोणाचा राग, ते मात्र विचारू नका. सकाळी दात घासताना कॅसेटवाल्याचा असतो, जेवताना त्या इंग्रज बँडचा, आणि दुपारी आडवा झालो की ज्याचा येतो त्याच्याच कुशीवर मी झोपलेला असतो.

गाण्याचं आणि बँडचं नाव सांगत नाही. त्या नावावर मी रत्नागिरीत इतकी वर्षं इतका भाव खाल्लाय की आता ते घेताना जीभ अडखळते. इंग्लंडातल्या कुठल्याशा कारखान्याच्या गावातली चार पोरं, सगळ्यांचे बाप त्याच कारखान्यात. गाणं साधारण माझ्या वयाचं, म्हणजे दोघांनाही आता जुनंच म्हणायला हवं. एक कामगार फाटकाबाहेर उभा राहून मुकादमाला शिव्या घालतो, एवढंच त्यात आहे. पण कसल्या! गिटार सुरू झाली की जांभ्याच्या खाणीत चिरा कापायचं मशीन लावल्यासारखं वाटतं. दातांत माती येते.

हे गाणं माझ्यापर्यंत समुद्रातून आलं. शेजारच्यांचा भाऊ बोटीवर होता. मासेमारीच्या नव्हे, देशोदेशी माल नेणाऱ्या. त्याने कुठल्याशा बंदरातून ती रेकॉर्ड आणली, का आणली ते त्यालाही माहीत नव्हतं. घरात रेकॉर्ड वाजवायचं यंत्रच नव्हतं. त्याच्या आईने ती थाळी भिंतीला टेकवून ठेवली होती, शोभेला. मी ती मागून घेतली, एसटी स्टँडजवळच्या कॅसेटवाल्याकडे नेली आणि कोरी कॅसेट देऊन म्हटलं, भरून द्या. तेव्हा तशी पद्धतच होती. रेकॉर्ड त्याच्याकडे सोडायची, दोन दिवसांनी जायचं आणि कॅसेट घेऊन यायची.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि मला मुंबईला जायचं होतं. मुंबईत जाऊन काय करणार, हा प्रश्न बापाने विचारला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाप कचेरीत हेडक्लार्क. एका संध्याकाळी चपला काढता काढता म्हणाला, "सोमवारपासून यायचंय तुला. साहेबांशी बोललोय." मी म्हटलं, "हो." मग माळ्यावर गेलो आणि ते गाणं लावलं. बापाला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू लावलं. माझं बंड हे असं. आवाज कमी करून केलेलं.

गाण्याचा शेवट तर विचारू नका. गायक ओरडत ओरडत टिपेला जातो, तुझं फाटक पाडीन म्हणतो, तुझ्या धुराड्यावर थुंकीन म्हणतो, मग एकदम "अँड—" आणि खट्. गाणं बंद. पुढे क्षणभर टेपची खरखर, मग तीही बंद. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. त्या 'अँड'च्या पुढे काय असेल ते मीच रोज भरायचो. कधी बाप असायचा, कधी साहेब, कधी अख्खी कचेरी.

कॉलेजच्या टपरीवर एकाने विचारलं, "असं मध्येच का तोडलंय रे?" मला माहीत नव्हतं. पण आमच्याकडे माहीत नसणं हे उत्तर न देण्याचं कारण होत नाही. मी म्हटलं, रेकॉर्डिंग चालू असताना गायकाचं आणि गिटारवाल्याचं भांडण झालं, गायक कानावरचे हेडफोन काढून फेकून तरातरा निघून गेला, बाकीचे म्हणाले राहू दे तसंच. टपरीवर शांतता पसरली. ती शांतता मला फार आवडली. पुढच्या खेपेला मी त्यात काचेचा दरवाजा घातला. वर्षअखेरीला गायकाच्या हातातून रक्त येत होतं. पुढे इथल्या एका साप्ताहिकाच्या दिवाळी अंकात मी 'अर्ध्यावर तुटलेली आरोळी' असा लेखच लिहून मोकळा झालो. लोकांनी रस्त्यात थांबवून अभिनंदन केलं. तोवर ती गोष्ट मलाही खरी वाटायला लागली होती. छापून आलेलं खोटं कसं वाटेल?

आता तुम्ही विचाराल, एवढ्या वर्षांत गाणं दुसरीकडे कुठे ऐकलं नाहीस? मोबाईल आहे, सगळं जग त्यात आहे. ऐकलं ना, रोज ऐकलं. कॅसेटवरून पुतण्याने सीडी करून दिली, सीडीवरून पेनड्राइव्ह, पेनड्राइव्ह गाडीत. प्रत्येक वेळी तो 'अँड' तेवढा इमानाने बरोबर आला. मोबाईलवर गाणं ऐकणं मला कमीपणाचं वाटायचं. पुण्याचा एक भाचा एकदा म्हणाला, "मामा, हे गाणं याच्या दुप्पट लांब आहे." मी म्हटलं, "ते कार्यक्रमातलं असेल, त्यात लांबवतात." आणि पुण्याहून आलेल्या माणसाकडे आम्ही जसं बघतो तसं त्याच्याकडे बघितलं.

अशा रीतीने मी रत्नागिरीतला रॉकचा जाणकार झालो.

या जानेवारीत गावातल्या सांस्कृतिक मंडळाच्या महोत्सवात पहिल्यांदाच बँडची स्पर्धा ठेवली होती. मंडळाचा सेक्रेटरी माझा शाळासोबती, आंबा बागायतदार. मोहोराच्या दिवसांत त्याचं अर्धं डोकं बागेत असतं आणि अर्धं आभाळात. त्याने फोन केला, "तूच बस परीक्षक. दुसरा कोण आहे इथे, ज्याला त्यातलं कळतं?" मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा तो विचारणार नाही अशी भीती वाटली, म्हणून हो म्हटलं. माझ्या जोडीला संगीताच्या बाई होत्या. अर्धं गाव त्यांच्याकडे पेटी शिकलेलं. स्पर्धा शुक्रवारी दुपारी हॉलमध्ये, आणि जो बँड पहिला येईल त्याला रविवारी संध्याकाळी मोठ्या स्टेजवर समारोपाला वाजवायला मिळणार, पटांगणात, भरलेल्या खुर्च्यांसमोर.

चिपळूणहून चौघं आले होते. महामार्गाच्या त्या खड्ड्यांतून टेम्पोत ड्रम घालून. ड्रम पुरात भिजून पुन्हा सुकवलेला होता, त्याच्या लाकडावर पाण्याची रेघ दिसत होती. गाणारी मुलगी होती, गिटारही तीच वाजवायची. चष्मा लावलेली, खांद्याला पट्टा काचू नये म्हणून खाली रुमाल घातलेला. माईकवर येऊन ती सरळ म्हणाली, "आम्ही चौघं मार्चनंतर एकत्र नसणार. दोघांना पुण्यात नोकरी लागलीय, एक मुंबईला चाललाय. आम्ही आजवर कॉलेजच्या वर्गात आणि एकदा गॅरेजमध्ये वाजवलंय. फुटण्याआधी एकदा मोठ्या स्टेजवर वाजवायचंय, म्हणून आलोय."

आणि त्यांनी ते गाणं सुरू केलं. माझं गाणं!

पहिल्या फटक्याला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चिरेखाणीचं मशीन अगदी तसंच. ती मुलगी मुकादमाला अशा शिव्या घालत होती की बाईंनी पदर सावरला. मी मनातल्या मनात शंभरापैकी शंभर देऊन टाकले होते. आवाज चढला, फाटक पडलं, धुराड्यावर थुंकून झालं, "अँड—" आला. मी डोळे मिटून त्या 'खट्'ची वाट बघितली.

आणि त्या मुलीने श्वास घेतला आणि पुढे गायली!

पुढे! जिथे काही नाही तिथे! ड्रम मंदावला, गिटार गोड झाली, आणि चौघं मिळून चक्क "ला ला ला" म्हणायला लागली. माझ्या पायाखालची फरशी सरकली. एखाद्याने आपल्या आईच्या फोटोला मिशा काढाव्यात आणि वर आपल्यालाच दाखवायला आणावा, तसं वाटलं. इतका राग मला बापाचाही आला नव्हता.

परीक्षकाने कागदावर मार्क लिहायचे आणि गप्प बसायचं, एवढी साधी रीत. मी माईक मागितला. हॉलभर लोकांसमोर मी त्या चौघांना सांगितलं की, कलाकृतीचा खून कसा करतात ते आज बघितलं. गायकाचं भांडण सांगितलं, काचेचा दरवाजा सांगितला, रक्त सांगितलं. म्हटलं, "ज्या माणसाने रक्त सांडून गाणं अर्धं सोडलं, त्याच्या पुढे तुम्ही ला ला ला लावता? लाज वाटत नाही?"

मागून टाळ्या पडल्या, त्या संपेपर्यंत मुलीने चष्मा पुसला. मग म्हणाली, "काका, ओरिजिनल असंच आहे."

"मला शिकवू नकोस."

"मोबाईलवर आहे. आत्ता ऐकवते."

"मोबाईलवर काय वाट्टेल ते मिळतं. रिमिक्स करून ठेवतात तुमच्यासारखे."

"आणि ते भांडणाचं कुठे वाचलंत तुम्ही?"

माझ्याआधी बाई बोलल्या. भल्या बाई. म्हणाल्या, "अगं, त्यांचा लेख आहे त्यावर. दिवाळी अंकात आला होता."

म्हणजे मी ठोकलेली थाप माझ्याच बाजूने साक्षीला उभी राहिली. मी मान हलवली. हो, लेख आहे. आणि कागदावर शून्य काढलं, चांगलं गोल, दोनदा गिरवून. बाईंनीही माझ्याकडे बघून मार्क कापले. एकसारखी जाकिटं घालून सिनेमाची गाणी एकमेकांना जोडणारा एक बँड पहिला आला. चिपळूणची मुलं ड्रम उचलून टेम्पोत घालत होती तेव्हा त्यांच्यातल्या कोणीही माझ्याकडे बघितलं नाही.

घरी आलो तर बायको कोलंबी सोलत होती. तिला सगळं सांगितलं, हातवारे करून. ती म्हणाली, "आणि तिचं खरं असलं तर?"

"तीस-पस्तीस वर्षं ऐकतोय मी ते गाणं!"

"तेच म्हणतेय. तुम्ही तुमचं ऐकताय. तिचं ऐकून तर बघा."

तिने हात धुतले, तिचा मोबाईल टीव्हीला जोडला, गाणं शोधलं. थाळीच्या पाकिटावरचंच चित्र, तीच चार पोरं. मी खुर्चीत ताठ बसलो. 'अँड' आला. गायकाने श्वास घेतला. अगदी त्या मुलीने घेतला तसाच.

अँड, मुकादमाने खिशातून सिगारेट काढून माझ्यापुढे धरली. अँड, मी ती घेतली. मग व्हायोलिनं. मग तो कामगार घरी जातो, आईने चहाचं आधण ठेवलेलं असतं, आणि लहान पोरांचा कोरस, ला ला ला. चांगलं ऐसपैस चालतं ते. कसलं भांडण, कसला दरवाजा, कसलं रक्त! त्या चौघांनी चहा पिऊन, ढेकर देऊन गाणं संपवलं होतं.

बायको म्हणाली, "किती छान शेवट आहे हो."

मी उठून परसात गेलो आणि पंप लावून माडांना पाणी घातलं. माडांना सकाळीच पाणी घातलं होतं. मी असा रागावलो होतो की मला तो बँड समोर हवा होता. अरे, शिव्या घालायच्या तर पुरत्या घाला! एक सिगारेट पुढे केली की विरघळलात? तुमच्या भरवशावर मी इथे कोकणात बसून आयुष्यभर रागावून राहिलो, आणि तुम्ही त्याच दिवशी संध्याकाळी घरी जाऊन चहा प्यायलात! कचेरीत माझ्या पहिल्या दिवशी बापानेही माझ्यासाठी चहा मागवला होता. मी तो हात न लावता थंड होऊ दिला होता. नळी हातात धरून हे आठवलं, आणि तेही त्या बँडच्या खात्यावर टाकलं.

मग कॅसेटवाला आठवला आणि बरं वाटलं. राग काढायला माणूस जवळपास असलेला बरा.

शनिवारी सकाळी उठून गेलो. कॅसेटचं दुकान आता त्याच्या मुलाने मोबाईलच्या कव्हरांचं केलंय. म्हातारा कोपऱ्यात स्टुलावर बसलेला असतो. मी सगळी हकिगत सांगितली, थोडी ओरडून, कारण त्याला कमी ऐकू येतं आणि मला ओरडायचंच होतं.

"कुठली आणलीवतीस कॅसेट?" त्याने विचारलं.

"साठ मिनिटांची. एका बाजूला तीस."

"मग? थाळी मोठी, टेप छोटी. टेप सपली की गाणं सपलं."

"पण मला सांगायचं ना, शेवट राहिला म्हणून!"

"मी काय ऐकत बसायचो काय रे? तिकडे लावायची नि मी समोर चहाला. सगळ्यांचीच गाणी तुटायची. लोक येऊन भांडायचे, मेल्या. शिव्या घालायचे, परत भरून न्यायचे." मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं. चेहरा उजळला. "तूच तो! लांब केसांचा! कॅसेट ऐकून दुसऱ्या दिवशी परत आलास नि माझे आभार मानून गेलास. मी घरी जाऊन सांगितलंवतं, आज एक येडा आला होता."

त्याचा मुलगा कव्हरांमागे तोंड लपवून हसला. मी निघालो.

रस्त्यावर आल्यावर कळलं की आता रागावायला कोणीच उरलेलं नाही. आणि ती मुलगी आठवली. मार्चनंतर ते चौघं नसणार होते. मोठ्या स्टेजसाठी आली होती, एका संध्याकाळसाठी. ती मी दोनदा गिरवलेल्या गोलात घालून बुडवली होती. रविवार उद्यावर आला होता.

तडक सेक्रेटरीच्या बागेत गेलो. तो कलमाखाली उभा राहून मोहोराकडे असा बघत होता की जणू मोहोर परीक्षेला बसलाय. मी म्हटलं, "माझी चूक झाली. निकाल बदल. चिपळूणच्या मुलांना वाजवू दे."

"येडा आहेस काय? बॅनर लागला. जाकिटवाल्यांचे आईबाप पाव्हण्यांना घेऊन येतायत."

"अरे, मी चुकलो म्हणतोय!"

"ते मला म्हण. लोकांना नको म्हणूस. परीक्षकच चुकला म्हटल्यावर पुढल्या वर्षी स्पर्धेला कोण येणार? गप बस. पोरं आहेत, विसरतील."

"नाही विसरणार. मी नाही विसरलो."

"तू काय विसरला नाहीस?" त्याने विचारलं. बापाची कचेरी आणि चहा त्याला तिथे कलमाखाली कसा सांगणार? मग मी फक्त ओरडलो. म्हटलं, उद्या खुर्चीवर उभा राहून सगळ्यांना सांगीन. तो शांतपणे म्हणाला, "सांग ना. माईक माझ्याकडे आहे." आणि फवारणीच्या माणसाला हाक मारायला वळला. या वेळचा राग वेगळा होता. या रागात मी बरोबर होतो, आणि बरोबर असताना रागवायची मला सवय नाही.

बाईंकडे गेलो. त्या पेटीवर सुरावट वाजवत होत्या. सगळं ऐकून त्यांनी भाता बंद केला.

"मला तो शेवट आवडला होता," त्या म्हणाल्या.

"मग मार्क का कापलेत?"

"तुमच्या तोंडाकडे बघून! आयुष्यभर गाणं शिकवतेय हो मी. समेवर कोण आलं आणि कोण नाही हे मला झोपेत कळतं. पण तुम्ही रक्ताबिक्ताचं बोललात, मला वाटलं या गाण्यात तसंच असेल." त्यांनी पेटीवर झाकण घातलं. "मला माझ्याच कानाची लाज वाटायला लावलीत तुम्ही. चला."

"कुठे?"

"बागेत."

सेक्रेटरी आम्हाला बघून हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्या ईशस्तवन माझ्या मुली म्हणणार आहेत. त्यांचे आईबाप, आजी-आजोबा, आत्या सगळे येणार आहेत. चिपळूणची मुलं नसतील तर माझ्या मुलीही नाहीत. मग बसा तुमच्या जाकिटवाल्यांच्या पाव्हण्यांना घेऊन." तो माझ्याकडे बघायला लागला. मी कलमाकडे बघितलं. शेवटी तो म्हणाला, समारोप जाकिटवाल्यांचाच राहील, पण त्यांच्या आधी एक गाणं होऊ दे. एकच.

बाईंकडे मुलीचा नंबर होता. मी फोन लावला, खुशखबर सांगतोय अशा आवाजात. म्हटलं, मोठं स्टेज, मोठा साउंड, उद्या या.

"आम्ही येत नाही," ती म्हणाली.

"अगं, मी चुकलो. सॉरी म्हणतोय ना."

"माईकवर बोललात ना तुम्ही? लाज वाटत नाही असं विचारलंत, सगळ्यांसमोर. माझी आई होती हॉलमध्ये, शेवटच्या रांगेत. तिने रजा टाकली होती. आणि सॉरी फोनवर?" तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच मला फोन कानापासून लांब धरावासा वाटला. "घरी येईपर्यंत टेम्पोत कोणी बोललं नाही. ड्रमवाला म्हणाला, चांगलं झालं आपण फुटतोय ते. असं म्हणाला तो. तुमच्यामुळे."

"मग काय करू?"

"माईकवर सांगा. चुकलो ते. आणि ती भांडणाची गोष्ट खोटी ती पण. लोकांना तीच खरी वाटते, आम्ही पुढचं वाजवलं की लोक म्हणणार यांनी जोडलं."

चुकलो म्हणणं एक वेळ ठीक. पण ती गोष्ट! तिच्यावर माझं गावातलं अख्खं नाव उभं होतं. त्या गोष्टीमुळे लग्नात लोक माझी जावयांशी ओळख करून द्यायचे. मी म्हटलं, "ती खोटी नाही, ती जरा... रंगवलेली..."

"मग नाही येत," ती म्हणाली आणि थांबली. फोन ठेवला नव्हता. वाट बघत होती.

"बरं," मी म्हटलं.

रविवारी ऊन उतरायच्या आधीच त्यांचा टेम्पो आला. बायको म्हणाली, "दोन वाक्यं बोला आणि खाली या. रंगवू नका." सेक्रेटरीने माईक देताना तो क्षणभर धरून ठेवला, मला ओढावा लागला. समोर ईशस्तवनाच्या मुलींचे आईबाप, जाकिटवाल्यांचे पाव्हणे, ज्यांनी माझा लेख वाचला ते, आणि ज्यांनी वाचल्याचं मला सांगितलं होतं ते.

मी सांगितलं. शून्य मार्क चुकीचे होते, मुलं बरोबर होती, मी आयुष्यभर अर्धंच गाणं ऐकलं कारण माझी टेप छोटी होती. एवढ्यावर लोक हसले. चालेल म्हटलं. मग सांगितलं की ती भांडणाची गोष्ट मी रचली. मागून कोणीतरी ओरडलं, "काका, म्हणजे रक्तपण खोटं?"

"रक्तपण खोटं!"

पटांगण फुटलं हसून. लोक एकमेकांच्या मांडीवर थापा मारत होते. मी जन्मभर लोकांना हसवत आलोय, पण तो हशा माझ्या हातात असायचा. हा नव्हता. मला असा संताप आला की मी ओरडलो, "हसताय काय? या मुलांना मी भर सभेत लाज काढून परत पाठवलं. तुम्ही पण होतात ना हॉलमध्ये? टाळ्या वाजवल्यात तुम्ही माझ्या बोलण्यावर! आता त्यांचं ऐका, आणि शेवटपर्यंत ऐका, कोणी वड्यासाठी उठू नका!"

माईक सेक्रेटरीच्या हातात कोंबला. मी खाली उतरलो. चौघं वर चढली.

मोठ्या साउंडवर ते गाणं काय वाजलं! खुर्च्यांच्या पत्र्याला कंप सुटला. मुकादम, फाटक, धुराडं. मी स्टेजच्या पायरीला टेकून उभा होतो. 'अँड'ला मुलीने श्वास घेतला आणि ती पुढे गेली. सिगारेट, चहाचं आधण. बाईंच्या मुली विंगेत उभ्या होत्या, त्यांनी न सांगता ला ला ला उचललं. दुसऱ्या रांगेत एक बाई हुंदका दाबत बसली होती, तिच्या चष्म्यावरून ओळखलं कोणाची आई ते. ड्रमवाला डोळे मिटून हसत होता.

मी हात बांधून ऐकलं. तो शेवट मला अजूनही पटत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. व्हायोलिनं तर सहन होत नाहीत. पण मुलांनी एक सूर सोडला नाही.

टाळ्या थांबल्यावर जाकिटवाले चढायला लागले आणि चिपळूणची मुलं सामान आवरायला लागली. मला काहीतरी बोलणं भाग होतं. वर गेलो. म्हटलं, "मस्त वाजवलंत. आज मी परीक्षक असतो तर शंभरातले नव्वद दिले असते. दहा तेवढे शेवटाला कापले असते, कारण तो शेवट म्हणजे—"

मुलगी वाकून वायर गुंडाळत होती. तिने मान वर केली नाही.

"तुम्ही परीक्षक नाही आता, काका," ती म्हणाली. "बाजूला व्हा. ड्रम उतरवायचाय."